पदराआडचा शत्ताफ

कढीपत्ता मागायला म्हणून मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि दार उघडलं ते घामाघूम झालेल्या एका बाईनं. अंगावर इरकली साडी, पायात पळायचे बूट, साडीवरून कमरेला नवऱ्याचा चामडी पट्टा आणि उजव्या हातात शत्ताफ.

ओमानात न राहिलेल्यांसाठी सांगते. शत्ताफ म्हणजे संडासात कमोडशेजारी भिंतीला लटकणारी, खटका दाबला की पाणी उडवणारी पिचकारी. ती आपल्या जागी, आपल्या नळीला जोडलेली असते तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण तीच भर हॉलमध्ये, नळीशिवाय, एका सभ्य बाईच्या हातात दिसली की माणूस कढीपत्ता विसरतो.

"घाबरू नको," बाई म्हणाल्या. "तोंड जमिनीकडं आहे आणि बोट बाहेर आहे. ये की आत."

या निकमबाई. हेमलता निकम, माहेरच्या पवार, गाव कराडजवळ. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या एका बांधकाम कंपनीत त्या ऑफिस सांभाळायच्या. सांभाळायच्या म्हणजे काय, तर मॅनेजर रजा मागायलाही त्यांच्याकडेच यायचा. आम्ही त्या बिल्डिंगमध्ये नवीनच राहायला आलो होतो. मी पुण्याची, त्यामुळे कुणाच्या घरात डोकावू नये हे मला लहानपणापासून शिकवलेलं, आणि डोकावल्याशिवाय राहवत नाही हे मला जन्मतःच येत होतं. मी आत गेले.

हॉलच्या भिंतीवर, कॅलेंडर टांगावं तिथं, एक लाल टिकली चिकटवली होती. बाई टिकलीसमोर उभ्या राहिल्या. शत्ताफ डाव्या कमरेला पट्ट्यात खोचला, वरून पदर सारखा केला आणि भाजी निवडायला बसलेल्या बाईसारखा साधा चेहरा केला. मग डाव्या हातानं पदर उचलला, उजवा हात आत गेला, आणि शत्ताफ बाहेर येऊन टिकलीवर रोखला गेला. हे सगळं इतकं झटकन झालं की मी "अगोबाई" म्हटलं ते संपल्यावर म्हटलं.

"बरं जमलं का?" त्यांनी विचारलं.

"टिकली मेली असणार," मी म्हटलं. त्या खो खो हसल्या आणि आमची मैत्री झाली. कढीपत्ता शेवटी राहूनच गेला.

या सगळ्याचं कारण त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, सासूच्या दुखण्याबद्दल सांगावं तितक्या सहज. त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा, हायवेला पेट्रोल पंप. अण्णांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर, वर्षानुवर्षं कमरेला. एका संध्याकाळी ते पंपाची रोकड पिशवीत घालून निघाले, तेव्हा पंपामागच्या वाटेवर मोटरसायकलवरून दोघं आले. एकानं कोयता काढला. पिशवी गेली आणि रिव्हॉल्व्हर होतं तिथंच राहिलं. अण्णांना खरचटलंसुद्धा नाही. पण गावानं जे करायचं ते केलं. "अण्णांच्या कमरेला बंदूक नव्हती हो, पानाचा डबा होता," असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि ते अख्ख्या पंचक्रोशीत फिरलं. तेव्हापासून अण्णा पंपावर गेले नव्हते. मॅनेजर पंप चालवत होता आणि अण्णा घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

"मी एकटी लेक," निकमबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं इथलं काम संपलं की मी जाऊन अण्णांच्या खुर्चीत बसणार. परवान्याचा अर्ज टाकलाय. आणि येऊ देत परत कुणाला. ऐनवेळी पवाराच्या घरातला हात कसा चालतो ते गावाला एकदा दिसलं पाहिजे."

"पण साडीत?"

"मग? पंपावर पंजाबी ड्रेस घातलेल्या मालकिणीचं कोण ऐकतंय? आणि नेम काय, कुणाचाही लागतो गं. पदर वेळेवर सरकला पाहिजे."

सुट्टीत कोल्हापूरला जाऊन त्या रीतसर शिकायच्या. एक निवृत्त फौजदार त्यांच्याकडून खऱ्या गोळ्या भरून सराव करून घ्यायचे. पण सुट्टी महिन्याची आणि नोकरी वर्षाची. ओमानात परदेशी माणसानं घरात पिस्तूल सोडा, पिस्तुलासारखं दिसणारं खेळणं ठेवायचीही छाती होत नाही. शत्ताफला मात्र कोण काय म्हणणार? मूठ तशीच, खटका तसाच. वजन कमी पडत होतं, तर त्यांनी मासळीबाजारातून जाळ्याला लावायचे शिशाचे गोळे आणले, आत भरले आणि वरून सुताराची लांबी भरून भोकं बंद केली.

या वस्तूचा त्या जो मान ठेवायच्या तो आमच्याकडे देवालाही मिळत नाही. तोंड कधी माणसाकडे करायचं नाही. टिकलीवर नजर बसेपर्यंत बोट खटक्यावर जायचं नाही. "नळी नाही तरी आत पाणी आहे असंच धरायचं," हा नियम. हळूहळू तो घरातल्या सगळ्याच वस्तूंना लागू झाला. टीव्हीचा रिमोट भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असायचा. केसांचा ड्रायरही तसाच. निकमसाहेब समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनियर, अत्यंत मवाळ माणूस. पण स्वतःच्या घरात एका खोलीतून दुसरीत जाताना ते दारात थांबून "आत येतोय!" असं ओरडायचे आणि "या!" आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. चहाचा ट्रे हातात घेऊन उभ्या उभ्या चहा निवला तरी चालेल.

होळीला बिल्डिंगमधली मुलं पिचकाऱ्या घेऊन खाली धावत सुटली की बाई गॅलरीतून गरजायच्या, "बोट बाहेर!" मुलं इंग्लिश शाळेतली, मराठी त्यांना जेमतेम. पण हे दोन शब्द त्या सगळ्यांना पाठ होते. आमच्या लेकीनं तर एकदा जेवताना वरणाची वाटी पुढे करणाऱ्या आजीला "बोट बाहेर" म्हणून सांगितलं होतं, आणि चूक आजीचीच होती.

नवऱ्याचा पट्टा साडीवरून बांधला तर लपवण्यात अर्थ नाही, आणि साडीच्या आत परकराच्या नाडीवर एवढं वजन पेललं जात नाही. तेव्हा आम्ही हमरियात शिंप्याकडे गेलो. हमरिया म्हणजे रुवीच्या बाजारपेठेला खेटलेली जुनी, दाटीवाटीची वस्ती. मास्टर केरळचे होते, चष्म्यावरून बघणारे.

"मॅडम, परकर में इतना बडा जेब? मोबाईल रखेगा?"

"मोबाईल नहीं. नलका," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. त्यांनी पर्समधून शत्ताफ काढला आणि तोंड भिंतीकडे करून काउंटरवर ठेवला.

मास्टरांनी तो उचलून तोलला, शिशाचं वजन हाताला लागल्यावर भुवया चढवल्या आणि मग एकदम समजल्यासारखी मान डोलावली. "अच्छा. आप प्लंबर है." त्यांनी जाड कॅनव्हासचा कमरपट्टा असलेला असा परकर शिवून दिला की त्यात शत्ताफच काय, पाण्याची मोटर बसली असती. पुढे मी ब्लाऊज टाकायला गेले की ते आवर्जून विचारायचे, "वो प्लंबर मॅडम ठीक है?"

परकर मिळाल्यावर बाईंना नवी हौस सुटली. "घरात काय, कुणालाही जमतं. चार माणसांत वावरताना अंगावर आहे हे विसरायला झालं पाहिजे." म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या शत्ताफ लावून आल्या. तिथल्या मराठी मंडळानं हॉटेलचा हॉल घेतला होता, पाहुण्या म्हणून कुणा मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. सगळं गोडीगुलाबीत चाललेलं, आणि कुणाला तरी फुगडीची लहर आली. निकमबाईंना फुगडीला बोलावणं म्हणजे पैलवानाला आखाडा दाखवणं. त्यांनी साडी खोचली आणि एका नाजूकशा बँकवाल्या बाईंचे हात धरून अशी गरगर सुरू केली की बघणाऱ्यांना घेरी आली.

अंगावर आहे हे त्या खरोखरच विसरल्या होत्या. शत्ताफ सुटला तो हॉलच्या फरशीवरून घरंगळत थेट प्रमुख पाहुण्यांच्या पायाशी जाऊन थांबला. शिशामुळे आवाजही चांगला झाला. पाहुण्या पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या. सेक्रेटरी बाई प्रसंगावधानी. त्यांनी माईक उचलला आणि म्हणाल्या, "कुणाची वस्तू पडली असल्यास कृपया घेऊन जावी."

दुसरी कुणी असती तर तिथून पळून गेली असती. निकमबाई आल्या, वाकल्या, बोट बाहेर ठेवून शत्ताफ उचलला, पदराआड परत खोचला आणि म्हणाल्या, "सॉरी हं. पकड ढिली राहिली." मग त्या बँकवाल्या बाईंकडे वळल्या. "चला, आपली अर्धी राहिली."

त्यानंतर वर्षभर मंडळात माझी ओळख "संडासवाल्या बाईंची मैत्रीण" अशी होती. मला त्याचं काही वाटलं नाही. अशी ओळख फुकट मिळत नाही.

इब्राला मात्र त्यांचं हसू पहिल्यांदा अडलं. त्यांच्या ऑफिसातल्या सालिमच्या घरी लग्न होतं आणि त्यानं आम्हा दोन्ही घरांना बोलावलं. गाव मस्कतपासून लांब, डोंगरांच्या पलीकडे. जेवणं झाली, हलवा झाला, कॉफी झाली. मग पुरुष मंडळी वाडीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, नेमबाजीला निघाली. दगडावर पाण्याची बाटली ठेवायची आणि जुन्या लांब नळीच्या बंदुकीनं ती उडवायची, हा तिथला लग्नातला खेळ. निकमबाईंना घरात बसवेना. सालिमनं चुलत्यांना काहीतरी सांगितलं आणि आम्हालाही तिथं नेलं.

चुलते म्हातारे, ताठ, कमरेला पोटावर चांदीचा खंजीर. जुन्या काळी मुंबईशी व्यापार केलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे. त्यांनी बाईंना बंदूक दिली. बाईंनी नळी आधी जमिनीकडे केली, आत गोळी आहे का बघितलं, मग खांद्याला लावली आणि पहिल्याच बाराला बाटली उडवली. सगळे "माशाल्ला!" करून ओरडले. बाई लाजल्या. नव्या नवरीसारखं लाजलेल्या त्यांना मी तेवढंच बघितलं.

सालिमनं चुलत्यांना कौतुकानं सांगितलं की या घरी कपड्याच्या आतून पिस्तूल काढायचा सराव करतात. म्हाताऱ्यांनी स्वतःच्या खंजिरावर हात ठेवला.

"बेटी, हम सामने लगाता है. सब देखता है, इसलिए निकालना नहीं पडता. तुम छुपाता है. किसके लिए?"

"चोर के लिए," बाई म्हणाल्या.

"चोर को तो दिखाना चाहिए. छुपाता किससे है?"

परतीच्या वाटेवर आमचे हे गाडी चालवत होते, निकमसाहेब पुढे बसले होते आणि बाई माझ्याशेजारी खिडकीला डोकं टेकून. डोंगर मागे पडल्यावर म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला काय कळतंय. त्याच्या बापाला कुणी पानाचा डबा म्हटलं नाही." मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं. चोराची त्यांना भीती नव्हतीच. गाव त्यांच्या मानगुटीवर बसलेलं होतं.

निकमसाहेबांचं काम संपत आलं, परवानाही मंजूर झाला. मग एका शुक्रवारी सकाळी बाईंनी मला बोलावलं. तेव्हा मस्कतमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागायचे नाहीत, सगळं गल्फ आयएमओ नावाच्या अ‍ॅपवर बोलायचं. आयएमओवर अण्णा होते. शेजारच्या कुणी त्यांना फोन लावून, उशीला टेकवून दिला होता. पुढचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नंतर कधीतरी अण्णा वारले, तेव्हा बाईच म्हणाल्या, "आता लिही पाहिजे तर," म्हणून लिहिते आहे.

"धर गं फोन," बाईंनी मला सांगितलं. "अण्णा, बघा हं. तुमची लेक कशी तयार झालीये बघा."

मी फोन धरला. बाई टिकलीसमोर उभ्या राहिल्या. पदर, हात, शत्ताफ, टिकली. इतकं स्वच्छ मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

फोनमधून खरखरीत हसू आलं. "अगं, ते संडासातलं हाय नव्हं?"

"व्हय अण्णा." बाईंच्या मराठीवरचा मस्कतचा मुलामा अण्णांपुढे टिकायचा नाही. "पर हाताला कुठं कळतंय?"

"लई चपळ झालीस." अण्णा हसायचे थांबले. "माझं बी तेवढंच चपळ झालं हुतं."

"काय झालं हुतं?"

"काढलं हुतं मी. हातात हुतं."

बाई शत्ताफ धरून तशाच उभ्या. मला फोन कुठं ठेवावा कळेना.

"त्याच्या पोटावर धरलं हुतं. त्यानं बघितलं बी. दुसरा गाडीवर पाठमोरा, त्याला काय दिसलं न्हाई. अन् ह्याचा कोयत्याचा हात असा लटालटा कापत हुता. म्हटलं, बोट हललं की हा खाली पडणार. पिशवीपायी? दिली फेकून पिशवी. अन् परत खोचलं."

"अन् सांगितलं का न्हाई कुणाला?" बाई ओरडल्या. "सगळं गाव हसतंय तुमाला. मी इथं इतकी वर्सं..."

"सांगितलं असतं तर म्हनाले असते, काढलं हुतं तर गोळी का न्हाई घातली? त्याचं उत्तर गावाला पटत न्हाई, पोरी. घाबरलो म्हटलं की लगेच पटतं."

"मग पंपावर का जात न्हाई तुमी?"

"लोकं हसत्यात म्हनून न्हाई. ते पोरगं परत आलं असतं, तर दुसऱ्या खेपेला माझा हात थांबला असता का, त्याची मला खात्री न्हवती. तू ये. बस खुर्चीत. पर ह्यातलं गावात कुनाला बोलायचं न्हाई. शब्द दे."

बाईंनी शब्द दिला. फोन बंद झाल्यावर त्या सोफ्यावर बसल्या आणि रडल्या. आधी रागानं रडल्या, मग नुसत्याच. दारातून "आत येतोय!" असा आवाज आला आणि पहिल्यांदाच कुणी "या" म्हटलं नाही. निकमसाहेब तरीही आत आले, ट्रे खाली ठेवला आणि बायकोशेजारी बसून राहिले. मी माझ्या घरी गेले.

मला वाटलं, आता हे प्रकरण संपलं. पण पुढच्या शुक्रवारी समोरच्या दारामागून बुटांचा आवाज आला. मी लगेच बेल वाजवली. मला कढीपत्त्याची गरज आता उरली नव्हती. टिकली तिथंच होती, शत्ताफ कमरेला होता. पदर उचलला, शत्ताफ बाहेर आला, टिकलीवर रोखला. आणि मग एक नवीन गोष्ट सुरू झाली. बोट बाहेर, तोंड खाली, शत्ताफ सावकाश पदराआड परत. घाई अजिबात नाही. ते त्या पुन्हा पुन्हा करत राहिल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"परत ठेवायला शिकतीये," त्या म्हणाल्या. "फौजदारांनी हे पण शिकवलं होतं. मी कधी लक्षच दिलं नव्हतं."

त्या गावी परतल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये दिल्लीचं एक शांत जोडपं आलं. इतकं शांत की मला झोप येईना.

पुढे एका सुट्टीत आम्ही पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो, तेव्हा पेट्रोल भरायचं निमित्त करून त्या पंपावर थांबलो. टाकी अर्धी भरलेलीच होती. ऑफिसच्या दाराशी खुर्चीत निकमबाई, साडी, पायात तेच पळायचे बूट. पदर डाव्या अंगावरून नीट ओढून घेतलेला. आत काय होतं ते मला दिसलं नाही आणि मी विचारलंही नाही. शेजारी बाकावर पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे चहा पीत बसले होते. फोनमध्ये बघितलेला चेहरा मी लगेच ओळखला. अण्णा पंपावर यायला लागले होते.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात एक जीप आली. जीपमधला माणूस गावातला कुणी बडा असावा, कारण तो उतरायच्या आधीच बोलायला लागला. "ताई, तुम्ही बसायला लागल्यापासनं पंपाला वचक आला बघा! आता कुणाची बिशाद न्हाई. तुम्ही काय अण्णांसारख्या घाबरणाऱ्या न्हवं."

त्यानं हे कौतुकानं म्हटलं होतं. पंपावरची चार माणसं हसली. अण्णांनी बशीतला चहा फुंकला आणि बशीतच बघत राहिले.

हेच ऐकायला या बाई मस्कतमध्ये वर्षानुवर्षं टिकलीसमोर उभ्या राहिल्या होत्या. गावानं एकदा म्हणावं की ही वेगळी आहे, ही घाबरणार नाही. आता गाव म्हणत होतं. आणि या बाईंची जीभ मला माहीत होती. मी कप खाली ठेवला.

बाई खुर्चीतून उठल्या.

"न्हाई हो दादा," त्या सगळ्या पंपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मी पण त्यांचीच लेक. आमच्यात सगळेच भित्रे. डिझेल किती टाकू?"

सगळे आणखी मोठ्यानं हसले. अण्णाही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि बाकावर सरकून लेकीला बसायला जागा केली.